माझ्या बोटांचं माप

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

१२ ऑक्टोबरच्या जागतिक संधिवात दिनानिमित्त आपल्या अंकात आलेल्या सूचना वाचल्या. वजन आटोक्यात ठेवा, रोज थोडं चाला, दुखणं अंगावर काढू नका. सगळं पटलं. पण एक गोष्ट त्यात नव्हती आणि ती मला बरंच सोसल्यावर कळली, म्हणून लिहायला बसले. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसलं की माणसाला आपलंच दुखणं आठवत नाही.

मी बेळगावच्या शहापुरात ब्लाउज शिवते. फॉल-पिको, ड्रेस, अस्तराचे ब्लाउज, लग्नसराईत नवरीची सगळी शिलाई. या धंद्यात मला २२ वर्षं झाली आणि त्यातली शेवटची पाच वर्षं आमवाताबरोबर गेली. डॉक्टर त्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. रोगाशी लढायची शरीराची जी शक्ती, तीच चुकून आपल्या सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, असं त्यांनी समजावलं. अस्तर म्हटल्यावर मला पुढचं सांगावं लागलं नाही. अस्तर फुगलं की वरचं कापड ओढलं जाणार, शिवण ताणणार, आणि फार दिवस तसंच राहिलं की कापडाचा आकारच बिघडणार. डॉक्टर हसले, पण बरोबर आहे म्हणाले.

पहिलं वर्ष मी हातचं घालवलं. २००६ साली कर्नाटकात चिकनगुनियाची मोठी साथ आली होती, तेव्हा आमच्या गल्लीत घरटी एक माणूस वाकून चालत होतं, त्यात मीही होते. त्यानंतर कुणाचंही काहीही दुखलं की 'चिकनगुनियाचं राहिलंय' हे उत्तर ठरलेलं. माझी बोटं सकाळी मिटेनाशी झाली तेव्हा मीही तेच म्हणाले. तेल झालं, शेक झाला, मेडिकलमधून मागून आणलेल्या पेनकिलर झाल्या. या आजारात सुरुवातीचा काळ फार मोलाचा असतो, लवकर औषध लागलं तर सांध्यांची झीज रोखता येते, हे पुढे कळलं. उजव्या हाताचं मधलं बोट आता पूर्ण सरळ होत नाही. कात्री त्याच बोटावर तोलते मी.

तर खुर्चीची गोष्ट. दर तीन महिन्यांनी दवाखाना. सकाळी नऊला नंबर लावायचा, रक्त द्यायचं, बाकावर बसायचं, दीड वाजता आत. तोवर बोटं मोकळी झालेली, सूज उतरलेली. डॉक्टर विचारतात, "सकाळी किती वेळ आखडतात?" मी म्हणायची, "थोडा वेळ." "थोडा म्हणजे?" "म्हणजे... चहा होईपर्यंत." "मागच्या वेळेपेक्षा कमी की जास्त?" मागच्या वेळेला काय होतं ते कुणाला आठवतंय! "बरं आहे," म्हणून मी उठायची. साडेचार तास थांबून चार मिनिटांत 'बरं आहे' सांगून घरी.

आणि हा प्रश्न साधा नव्हता. वयोमानाने झिजलेला गुडघा सकाळी आखडला तर दहा-पंधरा मिनिटांत सैल होतो. या आजारात अर्धा तास, तास, कधी त्याहूनही जास्त लागतो. किती मिनिटं, यावर आग किती धगधगतेय याचा अंदाज असतो. मला गिऱ्हाइकाची तीन वर्षांपूर्वीची छाती-कंबर सांगता येते, कारण ती मापाच्या वहीत असते. माझं मात्र कुठल्याच वहीत काही नव्हतं.

आमचे हे उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नर आहेत. मी एकदा दवाखान्यातून चिडून आले तेव्हा ते म्हणाले, "मशीन कधी तापलं, कधी आवाज करायलंय, आम्ही शिफ्टला लिहून ठेवतो. तू पण लिही की." माझी भाची लॉ कॉलेजला आहे, ती म्हणाली, "लिहायचं कशाला मावशी, अ‍ॅप आहे." आणि तिने माझ्या फोनवर घातलं.

अ‍ॅपचं नाव सांगत नाही, जाहिरातही नको आणि बदनामीही नको. संधिवातवाल्यांसाठीच केलेलं आहे. रोज सकाळी ते विचारतं: दुखणं शून्य ते दहामध्ये किती, आखडलेपण किती मिनिटं, थकवा किती, झोप कशी. माणसाचं चित्र येतं, दुखणाऱ्या सांध्यावर बोट ठेवायचं. महिन्याचा आलेख निघतो. चांगलं आहे, मी नावं ठेवणार नाही. पण भाषा इंग्रजी. हिंदी निवडली तर निम्मं हिंदी, निम्मं तसंच इंग्रजी. कन्नड आहे. मराठी नाही.

कन्नडविषयी गैरसमज नको. दिवसभर माझं निम्मं बोलणं कन्नडमध्ये होतं. दवाखान्यातली सिस्टर "बेळिग्गे एष्टु होत्तु?" म्हणजे 'सकाळी किती वेळ?' विचारते, मी तिला कन्नडमध्येच उत्तर देते. नोवु म्हणजे दुखणं, बावु म्हणजे सूज, हे शब्द मला मराठीइतकेच जवळचे. पण माझी शाळा मराठी, कन्नड अक्षरं मी बसच्या पाटीपुरती लावून लावून वाचते. माझ्या वयाच्या कितीतरी बायका इथे अशाच आहेत, बोलायला दोन भाषा आणि वाचायला एक. यात राजकारण शोधू नये.

पहिल्या सकाळी भाचीने विचारलं, "मावशी, शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. बोल, किती?" मी म्हटलं, "कुठलं दुखणं?" कारण मनगटात ठणका होता, बोटांच्या मुळाशी ठुसठुस होती, खांद्यात रग होती, आणि अंगठ्यातून मधूनच कळ जात होती. ठणका रात्रीचा असतो, आतून ठोके दिल्यासारखा, तो आला की सूज आहे समजायचं. रग कामाची, झोपलं की जाते. कळ एका क्षणाची, पण सुई हातातून पडते. आखडणं हे तर दुखणंच नव्हे, बोटं दुसऱ्याची असल्यासारखी वाटतात, एवढंच. अ‍ॅपमध्ये या सगळ्याला एक पट्टी आणि तिच्यावर सरकवायचा ठिपका. मी सहा सांगितलं. सहा म्हणजे काय ते मलाही माहीत नव्हतं.

मग मी माझा मार्ग काढला. आकड्याला कामाशी बांधलं. उठल्यापासून मशीनची खालच्या दोऱ्याची बॉबिन भरून तिच्या डबीत बसवता येईपर्यंत किती मिनिटं, ते आखडलेपण. सुई ओवता आली तर दुखणं चारच्या आत. अस्तराचं कापड कात्रीने एका दमात कापता आलं तर दोन. हुक-काजं करता आली नाहीत तर आठ. आणि मापाचा टेप तर गळ्यातच असतो. उजव्या मधल्या बोटाचं पेर चांगल्या दिवशी सव्वादोन इंच भरतं, सुजलं की अडीचला टेकतं. सकाळी सातला टेप गुंडाळून डाव्या हाताने फोटो काढते. त्या फोटोने जे काम केलं ते पाच वर्षांच्या 'बरं आहे'ने केलं नव्हतं. दीड वाजता डॉक्टरांपुढे हात ठीक दिसतो, पण सातचा फोटो तर समोर असतो.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहितेय, ते सांगते. मला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, जिवावर बेतू शकतं, आणि अशा चुकीने माणसं दगावलेली आहेत. तिच्या जोडीला फॉलिक अ‍ॅसिडची गोळी असते. माझ्या दोन्ही गोळ्या बारीक आणि पिवळसर. भाचीने अ‍ॅपमध्ये गोळीचं नाव घातलं, वेळ रात्री साडेनऊ घातली, आणि पुढे-पुढे करत गेली. 'किती वेळा' या रकान्यात आधीपासूनच 'रोज' भरलेलं होतं. तिने ते बदललं नाही, मला ते वाचता आलं नाही.

रविवारी गोळी घेतली. सोमवारी रात्री साडेनऊला फोन वाजला. ब्लाउजला हात घालून बसले होते, उठले, डबा उघडला, पट्टी हातात घेतली. फोनवर भरवसा इतका की डोकं चाललंच नाही. पण पट्टी ज्या कागदी पाकिटात होती त्यावर मेडिकलवाल्याने लाल पेनने मराठीत लिहिलं होतं: 'फक्त रविवारी'. खाली दोन रेघा. पट्टी परत पाकिटात गेली. त्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी गोड कुंदा नेऊन दिला. तो म्हणाला, "कशाचा?" मी म्हटलं, "खा की."

भाची रडली बिचारी. तिची चूक नव्हती असं म्हणणार नाही, पण ज्यांनी हे अ‍ॅप संधिवातवाल्यांसाठी केलं त्यांना ही गोळी आठवड्याची असते हे माहीत असणारच. तिचं नाव टाकल्यावर 'कोणता वार?' हा एक प्रश्न आधी यायला नको का? आणि तो मला वाचता येईल अशा अक्षरांत?

त्यानंतर मी तीन आठवडे अ‍ॅप उघडलं नाही. रागानेही आणि आणखी एका कारणाने. रोज सकाळी उठून 'आज किती दुखतंय' विचारलं की नसलेलंही दुखायला लागतं. सासूबाई म्हणायच्या, खपलीवरचा हात काढ. पण पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेले आणि परत 'बरं आहे' तोंडात आलं, तेव्हा गपचूप पुन्हा सुरू केलं. आता रोज चारच गोष्टी: मिनिटं, टेपचं माप, गोळी घेतली का, आणि एक वाक्य. वाक्य मी मराठीत बोलते, फोन लिहून घेतो. 'ठणका' म्हटलं की कधी कधी 'दणका' लिहितो, तेही चालून जातं.

पाच-सहा महिन्यांच्या नोंदीतून काही गमती निघाल्या. शेजारणीचं म्हणणं होतं, वांगी खाल्ल्यावर दुखणारच. मी वांग्याचे दिवस लिहून ठेवले. माझ्या बोटांना वांग्याचं काही पडलेलं नाही. दह्याचंही नाही. नळाला पाणी आलेल्या दिवशी मात्र घागरी-बादल्या भरून झाल्या की दुसऱ्या सकाळी बोटाचं माप हमखास अडीचच्या घरात. हे इतकी वर्षं माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि दिसलं नव्हतं. आता घागर नाही, पाइप लावून पिंप भरतो. दुसरं, सोमवारचा आकडा कायम वाईट. मला वाटायचं, रविवारी आराम केला म्हणून अंग आंबतं. डॉक्टरांनी आलेख बघून विचारलं, "सोमवारी दुखतं की मळमळतं?" मळमळत होतं. रविवारच्या गोळीची ती मळमळ मी दुखण्याच्या पट्टीवर सरकवत होते. त्यांनी गोळी शनिवारी रात्री घ्यायला सांगितली, रविवारी दुकान बंद असतं. पाकिटावर आता 'फक्त शनिवारी' आहे, पेन तोच.

पावसाचं काय, असं सगळे विचारतात. कणकुंबी-जांबोटीच्या घाटाकडचा पाऊस जुलैत शहरावर उतरला की माझीही मिनिटं वाढतात. पण तेव्हाच गणपतीच्या ऑर्डरी सुरू झालेल्या असतात, म्हणजे दोष ढगाचा की कात्रीचा? भाचीने शोधून सांगितलं की इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठाने २०१६ पासून याचाच अभ्यास केला. तिथल्या १३ हजारांवर लोकांनी त्यात नावं नोंदवली, फोनवर रोजचं दुखणं लिहायचं आणि फोन ज्या गावात असेल तिथलं हवामान त्याला जोडायचं. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: हवा दमट, दाब कमी आणि वारा जास्त असेल त्या दिवशी दुखणं वाढण्याची शक्यता थोडी जास्त. थोडी, फार नाही. आमची आजी ढग बघून हेच सांगायची, पण 'थोडी' हा शब्द तिच्याकडे नव्हता.

त्याच मँचेस्टरकडे आमवाताच्या रोग्यांसाठी दुसरी एक सोय करून बघितली आहे म्हणे. रोगी फोनवर नोंद करतो आणि ती थेट हॉस्पिटलच्या कागदांत जाऊन बसते, डॉक्टर आपल्या पडद्यावर बघतात. आपल्याकडे मी फोन पुढे करते, डॉक्टरांनी चष्मा वर करून तेवढ्या काचेवर तीन महिने बघायचे, मागे चाळीस माणसं बसलेली. माझे डॉक्टर बघतात, हे माझं नशीब. आधी एकीकडे जात होते, तिथे "ते फोनबिन नको, रिपोर्ट दाखवा" असं ऐकलं होतं. रिपोर्टात ईएसआर असतो, म्हणजे अंगात सूज किती ते सांगणारा रक्ताचा आकडा, पण तो त्या दिवशीचा.

बघण्याचा फायदा डॉक्टरांनाही होतो, एक उदाहरण सांगते. तपासताना ते २८ सांधे दाबून मोजतात: खांदे, कोपरं, मनगटं, दोन्ही हातांची बोटं, गुडघे. त्यात पाऊल येत नाही. जगभर ही मोजणी वापरतात. माझ्या चित्रात मात्र महिनाभर उजव्या पावलाच्या चवड्यावर लाल ठिपका पडत होता. मी तोंडाने कधी सांगितलं नव्हतं, हाताचं दुखणं घेऊन आलेल्या बाईने पाय कशाला काढायचा? त्यांनी चप्पल काढायला लावली, दाबून बघितलं, आणि विचारलं, "मशीन मोटारीचं की पायाचं?" पायाचं. लाइट गेली तरी काम थांबू नये म्हणून मी ते बदललं नव्हतं. आता मोटार बसवली आहे. लाइट गेली की मीही बसते.

आणखी एक खटकलेलं. हे अ‍ॅप चालू करताना माझे कॉन्टॅक्ट मागतं. बोटं आखडल्याचं सांगताना गिऱ्हाइकांचे नंबर कशाला हवेत? नाही म्हटलं तर पुढे जाईना, शेवटी भाचीने कुठेतरी आत जाऊन ते बंद केलं. तिनेच सांगितलं की २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय, तुमची माहिती घेण्याआधी जी सूचना द्यायची ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय हवी. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, मराठी त्यात आहे. म्हणजे मी काही मेहेरबानी मागत नाही. संमतीचा कागद मराठीत वाचायला मिळणार असेल, तर त्याच अ‍ॅपमधला 'गोळी कोणत्या वारी' हा प्रश्नही मराठीत विचारायला काय हरकत आहे? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या दवाखान्यांच्या बाकांवर मी इतक्या बायका बघते. फोन सगळ्यांकडे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नातवंडांचे फोटो त्या बरोबर शोधतात. अडतं ते भाषेशी.

आणि ज्यांना फोन नको त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय घ्यावं. दुधाचा हिशेब आपण बायका त्या चौकोनांत वर्षानुवर्षं लिहीत आलोय, अर्धा लिटर जास्त घेतलं तरी चुकत नाही. त्याच चौकोनात खाली बारीक अक्षरात सकाळची मिनिटं लिहायची, आणि आठवड्याच्या गोळीच्या वाराला लाल गोल. दवाखान्यात जाताना तेवढी पानं फाडून न्यायची. माझ्या नणंदेने तसंच सुरू केलंय. डॉक्टरांनी पान हातात घेतल्यावर आधी विचारलं म्हणे, "हे पंचवीस काय?" ती म्हणाली, "ते दूध. खालचं बघा."

एक विनंती. पत्र छापलंत तर माझं नाव घालू नका. दिवाळीच्या ऑर्डरी हातात आहेत, आणि शिंपिणीची बोटं दुखतात हे कळलं की गिऱ्हाईक कापड दुसरीकडे टाकतं. आज सकाळची ३५ मिनिटं, माप सव्वादोनच्या जरा वर. अकरा ब्लाउज परवापर्यंत द्यायचेत, होतील.

आपली,
एक वाचक,
शहापूर, बेळगाव